कुंपणाने खाल्लेली नावे

मुदत संपली म्हणजे मालकी संपते काय, आणि संपत असेल तर ती वस्तू कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. गहाण ठेवलेले दागिने, थकलेला शेतसारा, पट्ट्याने घेतलेली जमीन, बँकेत विस्मृतीत गेलेली ठेव, या प्रत्येकाविषयी आपल्याकडे कायदा आहे, रूढी आहे, न्यायालयांचे निवाडे आहेत. या सर्वांमागील सूत्र एकच आहे. ज्याच्या हाती वस्तू राखण्यासाठी दिली, त्याला मालकाच्या विसरभोळेपणावर धनवान होण्याचा अधिकार नाही. सावकारीच्या इतिहासात हे सूत्र कितीदा पायदळी तुडवले गेले, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली, ती उगाच नव्हे. पण निदान तेव्हा आपल्यावर अन्याय होतो आहे, एवढे तरी नाडल्या गेलेल्याला कळत होते.

गेल्या तीन दशकांत एक नवी मालमत्ता उदयास आली आहे आणि तिच्या बाबतीत हे सूत्र राजरोस, करारावर मान्यतेची खूण करवून घेऊन मोडले जात आहे. ही मालमत्ता म्हणजे संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन नाव म्हणतात. शाळा, रुग्णालय, सहकारी बँक, वृत्तपत्र, देवस्थान, उद्योग, प्रत्येकाला आज असे एक नाव लागते. वर्षाला हजार-दीड हजार रुपये भरून ते मिळते. हे पैसे भरावयास विलंब झाला, तर ज्या कंपनीकडे ते विश्वासाने नोंदवले तीच कंपनी त्या नावाचा लिलाव पुकारते, सर्वांत चढी बोली लावणाऱ्याच्या हाती ते देते आणि आलेली रक्कम आपल्या गल्ल्यात टाकते. ज्याने दहा-पंधरा वर्षे त्या नावाला लौकिक मिळवून दिला, त्याच्या हाती दमडीही पडत नाही. कुंपणच शेत खाते असे आपण म्हणतो. येथे कुंपण शेत खाऊन थांबत नाही, पीक बाजारात नेऊन विकते.

ही व्यवस्था कशी चालते ते प्रथम समजून घ्यावयास हवे. कारण तिचे सारे बळ सामान्य माणसाच्या अनभिज्ञतेत आहे. सर्वांत वर आयकॅन नावाची संस्था आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, आणि अमेरिकी सरकारचा तिच्यावरील कराराचा अंकुश १ ऑक्टोबर २०१६ पासून संपला आहे. तिच्याखाली प्रत्येक आडनावाची, म्हणजे डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन यांची, मूळ वही राखणाऱ्या संस्था आहेत. पंधरा कोटींहून अधिक नावे असलेली डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे, तर आपल्या डॉट इनची वही निक्सी या भारतीय संस्थेकडे. आणि सर्वांत खाली, ग्राहकाशी प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्या नोंदणी कंपन्या. त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमच्या एका नावाचा वार्षिक घाऊक दर १०.२६ डॉलर ठरला. रजिस्ट्रार तेवढे व्हेरिसाइनला देतो, वर आपला नफा लावून ग्राहकाकडून घेतो. त्याचे काम वहीत नोंद करण्याचे, मुदतीचे पैसे गोळा करण्याचे आणि ते वर पोहोचवण्याचे. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर तो तलाठी आहे.

आता कल्पना करा. गावच्या तलाठ्याकडे तुमच्या शेताचा सातबारा आहे. तुमचा सारा महिनाभर थकला. तलाठी चावडीवर बसून तुमच्या शेताचा हर्रास करतो, बोली पुकारतो, पैसे खिशात घालतो आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढवतो. सरकारला फक्त थकलेला सारा पोहोचवतो. असा तलाठी गावात किती दिवस टिकेल? इंटरनेटच्या गावात तो वीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. इतकेच काय, भांडवली बाजारात त्याच्या समभागांना चांगली मागणी आहे.

या व्यवस्थेचे समर्थक नियमांचे पुस्तक पुढे करतात. पुस्तक पाहिले तर ते खरोखरच दयाळू वाटते. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते. मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार ते आपल्याकडे राखू शकतो आणि धारक पैसे भरून ते चालू ठेवू शकतो. त्यानंतर नाव वहीतून वगळले गेले, तर पुढचे ३० दिवस तारणकाळ असतो. त्या काळात मोठा दंड भरून का होईना, मूळ धारकालाच ते परत मिळू शकते. मग ५ दिवस नाव गोठवले जाते आणि त्यानंतर ते सर्वांसाठी खुले होते. २०१३ पासून लागू झालेल्या आयकॅनच्या धोरणानुसार रजिस्ट्रारने तीन स्मरणपत्रे पाठवणेही बंधनकारक आहे: मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, सुमारे आठवडाभर आधी, आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत. एवढे सगळे असताना कोणाचे नाव गेले तर दोष कोणाचा, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालात एक लबाडी दडलेली आहे. लिलाव या पायऱ्यांच्या शेवटी होतच नाही. मोठ्या रजिस्ट्रार कंपन्या मुदत उलटल्यावर तीन-चार आठवड्यांच्या आतच नाव लिलावाच्या फलकावर लावतात. मूळ धारकाला पैसे भरण्याची संधी कागदोपत्री अजून असते, पण इकडे बोली सुरू झालेली असते. ४५ दिवसांची मुदत भरताना जिंकणाऱ्याच्या नावे नोंद बदलली की काम झाले. नाव वहीतून कधी वगळलेच जात नाही. आणि जे वगळले नाही त्याला तारणकाळ कसला? म्हणजे ज्या ३० दिवसांचा एवढा गाजावाजा केला जातो, ते लिलावात गेलेल्या नावांच्या वाट्याला बहुधा येतच नाहीत. बोली लावणारा गिऱ्हाईक कुठला हे कंपनी जाणते, नावाची किंमत किती चढली हेही जाणते. ज्याला याची सर्वांत अधिक निकड आहे, त्या मूळ धारकाला मात्र तुमच्या नावाला आज अमुक डॉलरची बोली आहे, असे कळवण्याचे कोणतेही बंधन तिच्यावर नाही.

नाव वगळू न देण्यात आणखी एक फायदा आहे. वगळून पुन्हा घेतलेले नाव नवजात ठरते. हस्तांतरित झालेल्या नावाची जन्मतारीख मात्र जुनीच राहते. शेकडो ठिकाणांहून त्याच्याकडे येणारे दुवे, शोधयंत्रांच्या लेखी असलेली त्याची पत, हे सर्व नव्या धन्याला आयते मिळते. बोली लागते ती याच पतीवर. दहा डॉलरचे नाव शेकडो, कधी हजारो डॉलरना जाते, याचे कारण त्या अक्षरांच्या सौंदर्यात शोधू नये. कोणीतरी वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे ते मोल आहे.

कायदेशीर आधार विचारला की करार दाखवला जातो. नाव घेताना पडद्यावर जो लांबलचक इंग्रजी मजकूर येतो आणि ज्याखालच्या चौकटीत आपण सर्व जण न वाचता खूण करतो, त्यात एक कलम असते: मुदत संपल्यानंतर नूतनीकरण न झाल्यास हे नाव तिसऱ्या व्यक्तीस देण्याचा वा लिलावात काढण्याचा अधिकार कंपनीस राहील. झाले. निरक्षर कुळाच्या अंगठ्यापेक्षा ही खूण फार वेगळी आहे, असे मानावयास मी तयार नाही. अंगठा उठवणाऱ्याला निदान कोणीतरी मजकूर वाचून दाखवत असे, खोटा का होईना.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे. डोमेन नाव विकत घेतलेले नसते, ते मुदतीने घेतलेले असते. पट्टा संपला की हक्क संपला. मग मोबदला कशाचा, असे म्हटले जाते. ठीक. क्षणभर मान्य करू. पण पट्टा संपल्यावर जमीन पट्टा देणाऱ्याकडे परत जाते, भाडे गोळा करणाऱ्या मुनिमाकडे जात नाही. रजिस्ट्रार या नावाचा मालक कधीच नव्हता. मग ज्या वस्तूवर त्याची मालकी नाही, तिच्या विक्रीचे पैसे त्याचे कसे? आणि नाव म्हणजे निव्वळ भाड्याची खोली, हेही आपल्या न्यायालयांनी मानलेले नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हाचे गुणधर्म असतात आणि त्याच्याशी धारकाची बाजारातील पत जोडलेली असते, हे मान्य केले. आता पत ही जर धारकाने कमावलेली असेल, तर तिच्या लिलावातील वरकड रक्कम कोणाची, हे सांगावयास फार मोठा कायदेपंडित लागत नाही.

आपला १८७२ चा करार कायदा यापेक्षा कठीण प्रसंगातही स्वच्छ उत्तर देतो. तारण ठेवलेली वस्तू कर्जदाराने सोडवली नाही, तर त्याला वाजवी सूचना देऊन धनको ती विकू शकतो. पण विक्रीतून येणे फिटून काही उरले तर ते कर्जदाराला परत केले पाहिजे, असे त्याचे कलम १७६ सांगते. सोनेतारण कर्ज देणाऱ्या पेढीलाही हा नियम चुकत नाही. बँकेत दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण दहाच काय, वीस वर्षांनी वारस पुरावा घेऊन आला तरी त्याचा हक्क शाबूत असतो. इंग्रजांच्या अमदानीतील कायदा जेवढी माणुसकी दाखवतो, तेवढी एकविसाव्या शतकातील ही प्रगत व्यवस्था दाखवू शकत नाही, याला काय म्हणावे?

राखणदारालाच लिलाव करू दिला की पुढे काय होते, याचे उदाहरण २००९ मध्ये जगासमोर आले. स्नॅपनेम्स ही अमेरिकेतील अशा नावांच्या लिलावातील अग्रगण्य कंपनी. तिच्या लिलावांत हल्वारेझ या टोपणनावाने एक बोलीदार सातत्याने बोली लावीत असे. ग्राहकांना वाटे, हा कोणी मोठा खरेदीदार असावा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीलाच जाहीर करावे लागले की हा हल्वारेझ म्हणजे तिचाच एक अधिकारी होता, २००५ पासून तो आपल्याच ग्राहकांविरुद्ध बोली चढवीत होता. बाधित ग्राहकांना जादा रक्कम व्याजासह परत करण्याची तयारी कंपनीने दाखवली, त्या अधिकाऱ्याला काढले. पण ध्यानात घ्या, परतावा कोणाला मिळाला? बोली लावणाऱ्यांना. ज्यांची मूळ नावे त्या फळ्यावर विकली गेली, त्यांचा त्या साऱ्या हिशेबात उल्लेखही नाही. चोरबाजारातही गिऱ्हाईकाची बाजू घेणारा कोणी भेटतो, ज्याच्या घरची वस्तू आहे त्याची चौकशी कोणी करीत नाही.

आयकॅन याविषयी काय करते? या प्रश्नाचे उत्तर तिच्याच करारात आहे आणि ते वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. आयकॅन व रजिस्ट्रार यांच्यातील करारात एक कलम आहे: रजिस्ट्रारांनी स्वतः नावांची साठेबाजी वा सट्टा करण्यास मनाई करणारे धोरण आयकॅनने केल्यास रजिस्ट्रार ते पाळील. २००१ च्या करारात हे कलम होते, २०१३ च्या करारातही आहे. पाळावयाचे ते धोरण मात्र आजतागायत झालेले नाही. धान्याच्या साठेबाजीविरुद्ध कायदा करू, तो झाल्यावर व्यापाऱ्यांनी पाळावा, असे सांगून एखादे सरकार वीस-पंचवीस वर्षे स्वस्थ बसले, तर आपण त्याला काय म्हणू?

लिलाव थांबवून नावे खरोखर वगळली जाऊ दिली तरी भल्याचे होणार नाही, ती यंत्रे पळवतील, असे लिलावाचे पुरस्कर्ते सांगतात. त्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. नाव खुले होण्याच्या क्षणी ते झडप घालून पकडणारा एक वेगळाच धंदा अमेरिकेत वाढला आहे. वहीवर धडका मारण्याची संधी प्रत्येक रजिस्ट्रारला ठरावीक असते, म्हणून ड्रॉपकॅच या एका उद्योगसमूहाने आकडे जोडलेली नावे देऊन हजाराहून अधिक कागदी रजिस्ट्रार कंपन्या उभ्या केल्या. २०१६ च्या अखेरीस जगातील मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांत मोठा हिस्सा या एकाच घराण्याचा होता. एका शिधापत्रिकेवर पोट भरत नाही म्हणून हजार खोट्या शिधापत्रिका काढाव्यात, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की येथे प्रत्येक शिधापत्रिका शिक्कामोर्तब केलेली आणि कायदेशीर. पण बाहेर दरोडेखोर आहेत म्हणून राखणदाराने घर लुटावे, हा तर्क मान्य करता येत नाही. उलट दोघांचाही बंदोबस्त केला पाहिजे.

आणि तो करता येतो. याच आयकॅनच्या इतिहासात त्याचा पुरावा आहे. नाव नोंदवून पाच दिवसांत रद्द केले तर पूर्ण पैसे परत मिळण्याची सवलत पूर्वी होती. तिचा फायदा घेऊन सट्टेबाज लक्षावधी नावे फुकट चाखून पाहत. ज्यावर जाहिरातीचे उत्पन्न मिळे ती ठेवत, बाकीची फेकून देत. २००८ मध्ये अशा रद्द नावांवर मर्यादेपलीकडे शुल्क आकारण्यास सुरुवात झाली आणि वर्षभराच्या आत हा प्रकार ९९.७ टक्क्यांनी घटला, असे आयकॅनच्याच अहवालात नमूद आहे. खिशाला झळ लागली की जे धंदे नीतीच्या प्रवचनांनी थांबत नाहीत ते एका वर्षात थांबतात. प्रश्न क्षमतेचा नाही, इच्छेचा आहे.

नाव गेले तर नवे घेता येईल, त्यात एवढे काय, असे काही वाचकांच्या मनात आले असेल. त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगावयास हवे. कारण खरा धोका येथे आहे. नावासोबत त्या नावाचे ई-मेल जातात. नाव ज्याच्या हाती गेले, तो त्या पत्त्यावर येणारे प्रत्येक पत्र उघडू शकतो. त्या पत्त्याने कोणी बँक, विमा वा अन्य खाते उघडले असेल तर परवलीचा शब्द विसरलो असे सांगून नवा शब्द मागवू शकतो. तो शब्द त्याच्याच पेटीत येऊन पडतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात एका सुरक्षा संशोधकाने परस्परांत विलीन झालेल्या वकिली संस्थांची सोडून दिलेली नावे विकत घेतली, तेव्हा अशिलांचे गोपनीय पत्रव्यवहार आपोआप त्याच्याकडे येऊ लागले. तो सज्जन होता, म्हणून हे जगाला कळले. २०२४ मध्ये वॉचटॉवर या कंपनीच्या संशोधकांनी डॉट मोबी या आडनावाच्या वहीचे एक जुने, डिसेंबर २०२३ मध्ये मुदत संपलेले नाव अवघ्या वीस डॉलरना घेतले. काही दिवसांत जगभरातील एक लाख पस्तीस हजारांहून अधिक यंत्रणा, त्यांत सरकारी यंत्रणाही, त्या नावाकडे विश्वासाने चौकशी करू लागल्या.

पत्रकार म्हणून मला अधिक टोचते ते वेगळे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका लहान जिल्ह्याचे क्लेटन काउंटी रजिस्टर हे जुने पत्र. त्याच्या नावाचा पत्ता परक्या हातांत गेला आणि त्यावर यंत्राने लिहिलेले कचरा लेख झळकू लागले. हेअरपिन हे स्त्रियांसाठीचे नियतकालिक २०१८ मध्ये बंद पडले. पुढे त्याचे नाव सर्बियातील एका व्यापाऱ्याने घेतले आणि त्यावर यंत्रनिर्मित मजकूर भरला. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे घालून कोणी त्याच्या नातेवाइकांकडे उसने पैसे मागावयास जावे, तसे हे आहे.

विसरतो तो निष्काळजी, ही टीकाही ऐकू येते. १९९९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरावयास विसरली आणि हॉटमेलची सेवा विस्कळीत झाली. टेनेसीतील एका संगणकतज्ज्ञाने आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि सेवा पूर्ववत झाली. त्या काळी कोणीही कोणाचेही शुल्क भरू शकत असे. फेब्रुवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रव्यवहाराचे नाव संपले आणि संपादकीय विभागाचे ई-मेल बंद पडले. स्मरणपत्रे ज्या पेटीत जात होती, ती कोणी उघडत नव्हते. ज्यांच्याकडे शेकडो अभियंते आहेत त्यांची ही कथा, तर तालुक्याच्या गावी चालणाऱ्या संस्थेची काय अवस्था असेल?

आपल्या परिचयातील कोणतीही संस्था डोळ्यांसमोर आणा. वसतिगृह असेल, रक्तपेढी असेल, वाचनालय असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने रात्री जागून तिचे संकेतस्थळ केले. नाव नोंदवले ते त्याच्याच ई-मेलवर, त्याच्याच कार्डावर. पुढे तो नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला, तेथून परदेशी. ई-मेल बदलला, कार्ड बदलले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे कार्डावरून परस्पर होणाऱ्या नियतकालिक वसुलीवर निर्बंध आले. ग्राहकहिताचेच ते होते, पण परदेशी कंपन्यांकडील अनेकांचे आपोआप होणारे नूतनीकरण त्यानंतर थांबले. स्मरणपत्र येते ते कराराच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, आणि येते ते डझनभर बनावट स्मरणपत्रांच्या गर्दीत. अशा बनावट नूतनीकरणपत्रांच्या धंद्यावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २००३ मध्येच एका कंपनीला न्यायालयात खेचावे लागले होते. तो धंदा काही संपलेला नाही. खऱ्या-खोट्याच्या या गोंधळात संस्थेचे ज्येष्ठ कार्यवाह पत्र न उघडता पुसून टाकतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकले असे मी म्हणणार नाही. आणखी एक विपर्यास पाहा. मे २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे नावाच्या धारकाचा पत्ता व दूरध्वनी सार्वजनिक नोंदीतून बहुधा झाकला गेला. नाव कोणत्या तारखेस संपते, ते मात्र उघडे राहिले. म्हणजे टपून बसलेल्या सट्टेबाजाला तारीख कळते, आणि कळवू पाहणाऱ्या हितचिंतकाला दूरध्वनी क्रमांक मिळत नाही.

आयकॅनला आपण कॅलिफोर्नियात जाऊन वळवू शकू, असा भ्रम कोणी बाळगू नये. पण डॉट इनची वही आपली आहे. तिच्यावर चाळीस लाखांच्या घरात नावे आहेत. मराठीसह देवनागरीतील भाषांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेले डॉट भारतही आपले आहे. या नावांची नोंदणी करणाऱ्या प्रत्येक रजिस्ट्रारला निक्सीची मान्यता लागते, आणि मान्यतेला अटी घालता येतात. मुदत संपलेल्या नावाचा लिलाव झालाच तर थकीत शुल्क व वाजवी खर्च वजा जाता उरलेली रक्कम पूर्वीच्या धारकाच्या खात्यात जमा झाली पाहिजे, ही पहिली अट. एवढी एकच अट घातली तरी रजिस्ट्रारांचा लिलावातील उत्साह किती ओसरतो, ते पाहण्यासारखे होईल. बोली सुरू होण्यापूर्वी धारकाच्या भ्रमणध्वनीवर त्याने निवडलेल्या भारतीय भाषेत सूचना गेली पाहिजे. गॅसच्या टाकीसाठी जे जमते ते येथे न जमण्याचे कारण नाही. रजिस्ट्रारने, त्याच्या भगिनी कंपन्यांनी वा नोकरांनी बोली लावणे हा मान्यता रद्द होण्याजोगा अपराध ठरावा. २०२२ मध्ये स्नॅपडीलच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, नावे सुचवून विकणारा आणि त्यावर नफा कमावणारा रजिस्ट्रार मी केवळ मध्यस्थ आहे असे म्हणून जबाबदारीतून सुटू शकत नाही, अशी भूमिका घेतली होती. जो नावे सुचवून नफा घेतो त्याची जर ही गत, तर जो दुसऱ्याचे नाव लिलावात काढून नफा घेतो त्याला मध्यस्थ कसे म्हणावयाचे, हे केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने ठरवावे.

यातील काही गोष्टींना मात्र दिल्लीची वाट पाहावयास नको. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना बँक डॉट इन या सुरक्षित आडनावाकडे जाण्याचा आदेश दिला, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली आणि हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे नोंदणीचे काम सोपवले. हा आदेश स्वागतार्ह आहे, कारण या आडनावाखालचे नाव बँकेखेरीज कोणाला मिळूच शकत नाही. पण देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, आणि यांतील अनेक बँकांची वर्षानुवर्षे वापरातली जुनी डॉट कॉम नावे आता अडगळीत पडतील. ठेवीदारांच्या पासबुकावर, जुन्या पावत्यांवर, दिनदर्शिकांवर ती छापलेली आहेत. वसुली अधिकाऱ्यांचे, शाखाधिकाऱ्यांचे जुने ई-मेल त्यांवर आहेत. काटकसरी संचालक मंडळाने नवे नाव घेतले, आता जुन्याचे पैसे कशाला, असा विचार केला, की ते नाव लिलावाच्या फळ्यावर लागेल. ते घेणारा ठेवीदारांना पत्रे पाठवील, जुन्या पत्त्यावरून, जुन्या नावाने, आणि ठेवीदार ती उघडतील. विलीनीकरण झालेल्या बँकांच्या व पतसंस्थांच्या बाबतीत तर हे अधिकच संभवते. कारण तेथे जुन्या नावाची चौकशी करणारा संचालकही उरलेला नसतो.

म्हणून प्रत्येक सहकारी बँकेच्या व पतसंस्थेच्या पुढील सभेत सभासदांनी एक साधा प्रश्न विचारावा: आपले जुने नाव कोणाच्या ई-मेलवर नोंदलेले आहे आणि त्याची मुदत कोणत्या तारखेस संपते? उत्तर देता आले नाही, तर तेथेच ठराव मांडावा. नाव संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर घ्यावे आणि एकदम दहा वर्षांसाठी नूतनीकरण करावे. एका नावाला त्यासाठी साधारण पंधरा हजार रुपये लागतील. वार्षिक सभेच्या अल्पोपाहाराचे देयक बहुतेक बँकांत त्याहून मोठे असते.